स्टेज वन, डाउनपाइप, रिमॅप: गाडीची पॉवर वाढवतात म्हणजे नक्की काय करतात?

पुण्यात, मुंबईत, नागपुरात पोलीस अधूनमधून जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात, तो व्हिडिओ मग सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि खाली दोन तट पडतात. एक तट म्हणतो बरं झालं, रात्री बारा वाजता त्या फटफटाटाने घरातली म्हातारी माणसं दचकून उठतात. दुसरा म्हणतो पैसे आमचे, गाडी आमची, परदेशात तर सगळं चालतं. त्यातच २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस अशा दोन खऱ्याखुऱ्या वेगवान गाड्या मोजक्या संख्येने भारतात आल्या, जीटीआयच्या पहिल्या खेपेत १५० आणि आरएसच्या १००, आणि डिलिव्हरी मिळायच्या आधीच लोक विचारायला लागले की हिला स्टेज वन मारला तर किती घोडे वाढतील.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना यातलं अर्धंअधिक कळत नाही, आणि ज्यांना वेड आहे त्यातल्याही बऱ्याच पोरांना पूर्ण कळत नाही, मित्राने केलं म्हणून ते करतात. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणूनच तो मुळापासून नीट सांगावासा वाटतो, कारण यात पैसा जातो, इंजिन जातं आणि कधीकधी माणूसही जातो.

दोन शब्द आधीच सांगून टाकतो. गाडी विकत घेतल्यावर बाहेरून आणून बसवलेला, मूळ कंपनीचा नसलेला पार्ट म्हणजे आफ्टरमार्केट पार्ट. आणि गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच ठेवली असेल तर ती स्टॉक.

## इंजिनला पेट्रोल नाही, हवा कमी पडते

पॉवर वाढवायची म्हणजे जास्त पेट्रोल जाळायचं, इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण पेट्रोल एकटं जळत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये बघितलं तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं, पण एवढी हवा छोट्याशा सिलेंडरमध्ये सेकंदाला कितीतरी वेळा भरायची आणि जळून झालेली बाहेर काढायची, खरी मारामारी तिथे आहे.

महाबळेश्वरला गेलात तर हे स्वतः अनुभवता येतं. तिथे उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण बारा टक्के विरळ, आणि टर्बो नसलेली गाडी वर चढताना तेवढीच मंदावते. गाडीत बिघाड काहीच नसतो. उन्हाळ्यातही तेच होतं, तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा तीन टक्क्यांच्या वर विरळ होते, म्हणून मे महिन्यातली दुपारची गाडी आणि डिसेंबरातली पहाटेची गाडी यात फरक जाणवतो, तो नुसता भास नसतो.

टर्बो हा यावरचा उपाय. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. हे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर नावाची जाळी पुढे बसवलेली असते. आणि किती दाब द्यायचा, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची हे सगळं ईसीयू ठरवतो, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. त्याच्या पोटात आकड्यांचे मोठमोठे तक्ते असतात, अमुक आरपीएमला (म्हणजे इंजिन मिनिटाला एवढे फेरे घेत असताना), एवढा पाय दाबला असताना, एवढ्या तापमानाला काय करायचं. हे तक्ते बदलणं म्हणजे रिमॅप, आणि तो करून देणारा तो ट्यूनर.

## मग कंपनीनेच पॉवर दाबून ठेवली का?

प्रत्येक ट्यूनरकडे हेच ऐकायला मिळतं, "कंपनीने लॉक करून ठेवलंय, आपण फक्त खोलून देतो." यात तथ्य आहे, पण अर्धं.

लग्नात पाचशे पानं सांगितली तर जाणता आचारी साडेपाचशेचा स्वयंपाक करतो. ती वरची पन्नास पानं त्याने लपवून ठेवलेली नसतात, ती न सांगता येणाऱ्या पाहुण्यांसाठी, अचानक वाढलेल्या पंगतीसाठी असतात. ट्यूनर येऊन म्हणतो पन्नास पानं शिल्लक दिसतायत, वाढून टाकू. बहुतेक लग्नांत निभावून जातं, काही बिघडत नाही. पण ज्या दिवशी खरंच पाहुणे वाढतात त्या दिवशी काय करायचं याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

इंजिनाच्या बाबतीत हे वाढीव पाहुणे म्हणजे चंद्रपूरचा ४५-४६ अंशांचा उन्हाळा, आडरस्त्यावरच्या पंपाचं पाणी मारलेलं पेट्रोल, दोन हजार किलोमीटर उशिरा केलेली सर्व्हिस, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन एसी चालू ठेवून चढलेला कशेडी घाट, आणि हे सगळं एकदम. कंपनीला लाखभर गाड्या विकायच्या असतात आणि त्यातला सगळ्यात निष्काळजी मालक डोळ्यासमोर ठेवावा लागतो. म्हणून राखीव ठेवलेलं असतं. त्यातलं थोडं काढून घेता येतं, अगदी खरं, पण ते आकाशातून पडलेलं नसतं, कशासाठी तरी ठेवलेल्यातून काढलेलं असतं. या लेखात पुढे जे जे येईल त्या प्रत्येक ठिकाणी एवढाच प्रश्न विचारायचा, की हे कशातून काढलं?

राखीव संपलं की पहिला फटका बहुतेक वेळा नॉकिंगचा असतो. ठिणगी पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण एका टोकाकडून दुसरीकडे शिस्तीत जळत जायला हवं. दाब आणि उष्णता फार वाढली की उरलेलं मिश्रण स्वतःहूनच एकदम भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा दणका बसतो. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे हे असं अवेळी भडकणं पेट्रोल किती टाळू शकतं त्याचं माप. गाडीत नॉक सेन्सर असतो, तो दणका ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा पाडायला लागतो, म्हणजे पॉवर कमी करून इंजिन वाचवतो. म्हणून ९५ किंवा १०० ऑक्टेनसाठी बनवलेला रिमॅप टाकून जो साधं पेट्रोल भरतो त्याला कागदावरची पॉवर मिळतच नाही, वर इंजिन सतत काठावर चालतं. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२० पासून आहे, पण ठराविक शहरांत, ठराविक पंपांवर आणि चांगलंच महाग. कोकणात फिरायला गेल्यावर ते कुठे शोधणार, हे आधी ठरवायचं.

"पण एकच इंजिन एका गाडीत १९० आणि दुसरीत २६५ पीएस देतं की" असं कोणीतरी म्हणणारच. पीएस म्हणजे आपला हॉर्सपॉवरच, मेट्रिक मोजणीचा. फोक्सवॅगन ग्रुपचं २.० टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन स्कोडाच्या सुपर्बमध्ये १९० पीएसचं होतं आणि गोल्फ जीटीआयमध्ये २६५ पीएसचं आहे, नाव एकच. पण आत टर्बो वेगळा आहे, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) वेगळं आहे, व्हॉल्व्ह उघडझाप वेगळी आहे. नावाच्या पाटीवरून आतलं सगळं सारखं धरून चालता येत नाही.

## स्टेज वन, टू, थ्री

ही कुठलीही सरकारी किंवा कंपनीची मोजणी नाही, ट्यूनर लोकांनी पाडलेली रीत आहे. स्टेज वन म्हणजे पार्ट सगळे तेच, फक्त रिमॅप. स्टेज टू म्हणजे रिमॅप आणि सोबत हवेचा आणि धुराचा रस्ता मोकळा करणारे पार्ट, म्हणजे डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला धुराचा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा फिल्टर आणि पाइप), बऱ्याचदा मोठा इंटरकूलर. स्टेज थ्री म्हणजे टर्बोच मोठा, मग इंजेक्टर, पेट्रोल पंप, क्लच सगळंच ओघाने आलं.

आपल्याकडे हे वेड रुजवलं ते चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयने. २०१३ ची गाडी, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस आणि १७५ एनएम. एनएम म्हणजे न्यूटन मीटर, टॉर्कचं माप, म्हणजे इंजिन दांडा किती जोराने पिळतं ते. स्टेज वन केल्यावर ट्यूनर साधारण १३० च्या आसपास पीएस आणि २२०-२३० एनएम असे आकडे सांगतात. टर्बो गाडीत हे जमतं कारण हवेचा दाबच वाढवता येतो. टर्बो नसलेल्या गाडीत नुसत्या रिमॅपने पाचेक टक्के मिळाले तरी पुष्कळ, त्यामुळे साध्या १.२ पेट्रोलवर रिमॅपचे पैसे घालणाऱ्याला मी तरी थांबवतो.

आता त्या पोलोचा गिअरबॉक्स बघा. सात स्पीडचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक, डीक्यू २०० या नावाचा, दोन कोरड्या क्लचचा, आणि तो २५० एनएमपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. स्टॉक गाडीत इंजिन १७५ देतं, म्हणजे ७५ चं अंतर. स्टेज वन केला की अंतर उरतं वीस-तीसचं. एफसी रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत तासभर रखडायचं, त्यातही ते कोरडे क्लच थोडं घसरतच पकडतात आणि तापतात. मग गिअरबॉक्सचं काम निघालं की लोक कंपनीला शिव्या घालतात. तो गिअरबॉक्स मुळातच नाजूक म्हणून ओळखला जातो हे मान्य, पण त्याच्या वाट्याचं राखीव आपणच काढून घेतलेलं असतं.

अजून एक सवय बदलावी लागते. छोट्या टर्बो इंजिनात, विशेषतः पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या, दीड-दोन हजार आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. तो एकच दणका पिस्टन फोडू शकतो. रिमॅपने खालच्या आरपीएमचा दाब वाढवलेला असतो, त्यामुळे आधी गिअर उतरवा, मग पाय दाबा.

## कुठल्या पार्टने खरं काय मिळतं

बॉनेट उघडल्यावर दिसणारा मोठा गोल शंकूसारखा एअर फिल्टर सगळ्यात जास्त खपतो आणि बऱ्याचदा सगळ्यात कमी देतो. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो आणि त्याला पुढच्या जाळीतून थेट बाहेरची गार हवा मिळते. तो डबा काढून उघडा फिल्टर लावला की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. आवाज मस्त येतो, टर्बोची शिट्टी ऐकू येते, त्यामुळे गाडी पळते असं वाटतं. हवा मात्र विरळच. डब्यातच बसणारा चांगला फिल्टर टाकला तर निदान हे नुकसान होत नाही.

एक्झॉस्टचे दोन भाग वेगळे समजून घ्या. कॅटालिटिक कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलणं याला कॅटबॅक म्हणतात, त्याने मुख्यतः आवाज बदलतो, पॉवर नावापुरती. टर्बोला लागून असलेला पाइप तो डाउनपाइप, टर्बो गाडीत खरा फरक तिथे पडतो, कारण धूर जितका पटकन सुटेल तितका टर्बो मोकळा फिरतो. पण बहुतेक गाड्यांत कॅटालिटिक कन्व्हर्टर नेमका त्याच पाइपात असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात आणि ते कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे विषारी वायू बरेचसे निरुपद्रवी करतात. 'डीकॅट' डाउनपाइप म्हणजे हा कन्व्हर्टर काढूनच टाकलेला पाइप.

इथे मी स्पष्ट बोलतो. डीकॅट करून रस्त्यावर फिरणं चुकीचं आहे. सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर बापाच्या पुढ्यात उभं असलेलं पोर असतं, तुमच्या पाइपाचा धूर थेट त्याच्या नाकात जातो. पीयूसीत पास झालो असं कोणी सांगितलं तरी त्याला फारसा अर्थ नाही, पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनचे वायू मोजतच नाहीत.

फटाके वाजल्यासारखा 'पॉप अँड बँग' आवाज येतो तोही बहुतेक वेळा मुद्दाम केलेला असतो, पाय उचलल्यावर पेट्रोल चालू ठेवायचं आणि ठिणगी इतकी उशिरा पाडायची की ते एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटावं. पॉवर शून्य मिळते, कन्व्हर्टर आतून वितळतो, आणि आजूबाजूच्यांना त्रास. हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

ज्याच्याबद्दल कोणी फार बोलत नाही पण आपल्या हवेत जो खरा उपयोगी पडतो तो मोठा इंटरकूलर. स्टॉक इंटरकूलर दोन-तीन जोरदार पळवण्यांनंतर तापून बसतो, मग आत जाणारी हवा गरम, मग नॉकिंग, मग ईसीयू पॉवर काढून घेतो. मोठा इंटरकूलर कमाल आकडा फारसा वाढवत नाही, तो आकडा टिकवून धरतो. आणि स्पार्क प्लग. दाब वाढवला की प्लग एका नंबरने थंड प्रकारचे, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे घालतात आणि गॅप किंचित कमी ठेवतात, नाहीतर जोरात दाबल्यावर ठिणगी विझते आणि गाडी अडखळते. प्लगला वीज देणारी कॉइल गेली समजून लोक तीन-चार हजार घालवतात आणि दोष प्लगच्या गॅपचा निघतो.

## डायनोचा कागद कसा वाचायचा

डायनो म्हणजे गाडी रोलरवर बांधून चाकांची पॉवर मोजायचं मशीन. चारी बाजूंनी पट्टे आवळलेले, समोर मोठा पंखा, शेजारच्या सीटवर लॅपटॉप, आणि गाडी एकाच गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत ओढतात. त्यातून जो आलेख निघतो त्यावर लोक फक्त वरचा एक आकडा बघतात.

आधी हे विचारा की आकडा चाकांवरचा आहे का इंजिनाचा. गिअरबॉक्स आणि दांड्यांमध्ये पॉवर वाया जाते, साधारण १२ ते २० टक्के, आणि इंजिनाचा आकडा हा अंदाज लावून काढलेला असतो. तो टक्का सॉफ्टवेअरमध्ये थोडा वर केला की आकडा छान दिसतो. म्हणून त्याच डायनोवर, त्याच दिवशी, रिमॅपच्या आधी आणि नंतर काढलेले दोन आलेख हवेत. त्यातला फरक तेवढा खरा मानायचा. आणि एकच रन दाखवत असतील तर लागोपाठ तीन मागा. तिसऱ्या रनला आकडा किती पडला त्यावरून गाडी एप्रिलमध्ये ताम्हिणीत कशी वागेल ते कळतं.

त्याहून महत्त्वाचा तो लॉग, म्हणजे गाडी जोरात चालवताना ईसीयूने नोंदवलेले आकडे. प्रत्येक सिलेंडरची ठिणगी नॉकिंगमुळे किती अंश मागे ढकलली, आत जाणारी हवा किती तापली, पेट्रोल-हवेचं प्रमाण काय राहिलं. चांगला ट्यूनर हे स्वतःहून उघडून दाखवतो. अजून एक बारीक खूण सांगतो, रिमॅप ओबीडी पोर्टमधून, म्हणजे ईसीयूला लॅपटॉप जोडायच्या सॉकेटमधून, लिहिताना तो बॅटरीला चार्जर लावतो का बघा. लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिला जातो आणि गाडी जागची हलत नाही. जो चार्जर न लावता बोनेटवर लॅपटॉप ठेवून वीस मिनिटांत उरकतो त्याच्याकडून आपली गाडी घेऊन निघालेलं बरं.

## ई२० पेट्रोलचं काय?

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ई२० मदतच करतं. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे तेवढीच पॉवर द्यायला सहा-सात टक्के जास्त इंधन फवारावं लागतं. स्टॉक गाडी हे सांभाळून घेते, ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू इंधन वाढवतो. रिमॅप केलेल्या गाडीत मात्र इंजेक्टर आणि पंप आधीच जास्त ओढलेले असतात, त्यांचं राखीव रिमॅपनेही खाल्लं आणि ई२० नेही. ई२० यायच्या आधीची रिमॅपची फाइल टाकलेली असेल तर लॉग पुन्हा काढून घ्या. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील ई२० ला चालतात का हा प्रश्न वेगळा, तो रिमॅप न करणाऱ्यालाही लागू आहे.

## पळवली, पण थांबवणार कशी?

सगळ्यात जास्त जीव तोडून मला हेच सांगायचंय. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १०० ऐवजी १४० ला असाल तर ब्रेकला जिरवायची उष्णता जवळजवळ दुप्पट होते. चाळीस टक्के नाही, दुप्पट. पोलोला मागे साधे ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या डिस्कवर जवळजवळ सगळा भार. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. आपल्या पावसाळ्यानंतर, दोन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन घाट उतरताना चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारले की आत वाफ धरते, पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. एवढी भीतीदायक गोष्ट काही शेकड्यांच्या ऑइलने टळते, तरी ते टाळून लोक तीस हजारांचा रिमॅप करतात.

टायर तर त्याहून आधी. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्याचं काम शेवटी तळहाताएवढ्या चार जागांवर होतं. मूळ मापाचा चांगल्या रबराचा टायर घातला की गाडी वळणात, ब्रेकिंगमध्ये, पावसात सगळीकडे सुधारते. फार रुंद टायर घातले की मुंबईच्या पावसात उलटं होतं, पाणी बाजूला सारलं जात नाही आणि गाडी तरंगते. स्वस्त नकली अलॉय तर घालूच नका, खड्ड्यात तडा जातो. व्हील बसवताना टॉर्क रेंच वापरायला लावा, पोलोच्या बोल्टला १२० एनएम लागतं, एअर गनने कचाकच आवळलेला बोल्ट पंक्चर झाल्यावर रस्त्यात सुटत नाही नाहीतर तुटतो.

गाडी खाली बसवण्याबद्दल थोडक्यात. नुसत्या स्प्रिंग कापून खाली केलेली गाडी दिसायला छान, चालवायला वाईट, सस्पेन्शनची सगळी भूमितीच बिघडते. चांगले कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचे जोड, वेगळी गोष्ट आहे, पण आपले स्पीडब्रेकर बघता रोजच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

## कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाने करायचा नाही. आरसीच्या नोंदींत हॉर्सपॉवरचाही रकाना आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली, आणि आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर लायसन्स तीन महिने निलंबित. जागेवरच्या तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे हातात पडणारी पावती वेगळी असू शकते.

यामागे कारण आहे. गाडीचं प्रत्येक मॉडेल बाजारात यायच्या आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ब्रेक, धूर, आवाज सगळं तपासून मंजूर होतं. तुम्ही पार्ट बदलला की ती मंजुरी तुमच्या गाडीला लागू राहत नाही.

"पण परदेशात चालतं ना?" चालतं, पण मोकाट नाही. जर्मनीत पार्टसोबत मंजुरीचा कागद लागतो, नाहीतर टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदांत नोंद करून घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात धुराशी संबंधित पार्टला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडेही अशी सोय हवी, तपासा, फी घ्या, आरसीवर चढवा. सरसकट बंदी असली की चांगलं काम करणारा ट्यूनर आणि कोपऱ्यावर पाइप कापणारा, दोघेही एकाच रांगेत उभे राहतात आणि गिऱ्हाईकाला फरक कळायचा मार्ग राहत नाही. पण आज तशी सोय नाही, आणि आजचा कायदा आजच्या गाडीला लागू आहे.

## वॉरंटी आणि इन्शुरन्स

"सर्व्हिसला जाताना स्टॉक फाइल परत टाकू, कोणाला कळणार?" कळतं. ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी राहते, आणि फोक्सवॅगन ग्रुपमध्ये तर फाइल जुळली नाही की त्या गाडीच्या नावावर टीडी१ असा शेरा पडतो, मग इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी.

इन्शुरन्सचं जास्त गंभीर आहे. न सांगता केलेला बदल सापडला तर कंपनी तुमच्या गाडीचा क्लेम नाकारू शकते. समोरच्या जखमी माणसाला भरपाई मिळावी म्हणून कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं, म्हणजे ती रक्कम शेवटी तुमच्या घरावर येते.

## तरीही हौस आहे, मग?

हौस असू द्या, ती चांगली गोष्ट आहे. आरसीला हात न लावता बरंच करता येतं. मूळ मापाचे चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल, वेळेवर इंजिन ऑइल, व्हील अलाइनमेंट. एवढं केल्यावर दहातल्या सहा जणांना पॉवर कमी वाटेनाशी होते असं माझं निरीक्षण आहे. त्यानंतर चेन्नईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर एखादा ट्रॅक डे करा, तिथे गाडीची आणि स्वतःची मर्यादा एका दुपारी कळते आणि समोरून एसटी येत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा आहे, तिथे २६५ पीएस काय नि ३३० काय.

आणि पॉवरची गाडी फक्त ट्रॅकसाठी, ट्रेलरवरून नेण्यासाठी बनवत असाल तर क्रम हाच ठेवा, आधी टायर-ब्रेक, मग कूलिंग, मग गिअरबॉक्सची हद्द तपासा, सगळ्यात शेवटी रिमॅप. तोही इंजिनचं कॉम्प्रेशन मोजून आणि टर्बोचे सगळे पाइप कुठे हवा सोडत नाहीत ना ते बघूनच. काढलेले स्टॉक पार्ट विकू नका. ईसीयूची मूळ फाइल ट्यूनरकडून पेनड्राइव्हवर मागून घ्या, गाडी विकताना पुढच्या मालकाला कुठला पार्ट कधी बदलला त्याच्या यादीसोबत ती द्यावी लागेल.